ट्रक शिकले ती डिझेलच्या हिशेबापायी

आमच्या दोन गाड्या आहेत, दोन्ही सहाचाकी. एरवी जांभा चिरा भरून कुंभार्ली घाटाने कराडकडे जातात, आंब्याच्या दिवसांत पेट्या घेऊन वाशीला. नवरा बोटीवर, वर्षातले सात-आठ महिने घरी नसतो, म्हणून धंदा मी बघते. बघते म्हणजे काय, तर डायरी लिहायची आणि ड्रायव्हर सांगेल तो आकडा मान्य करायचा. "वहिनी, घाटात लय डिझेल खाल्लंन गाडीने" म्हटलं की विषय संपला. घाटात गाडी किती खाते ते मला माहीत नव्हतं, आणि मला माहीत नाही हे त्याला बरोबर माहीत होतं. ट्रकवर पोट भरायला मी शिकले नाही, एवढ्या एका वाक्याला उत्तर देता यावं म्हणून शिकले.

पहिलीच ठेच कागदावर लागली. स्कूटीचं लायसन्स माझ्याकडे बारा वर्षांचं. पण ट्रान्सपोर्टच्या शिकाऊ लायसन्ससाठी चारचाकीचं पक्कं लायसन्स निदान 1 वर्ष जुनं लागतं, आणि वय 20 पूर्ण. माझं चारचाकीचं झालं होतं सात महिने. पाच महिने थांबले. मग डॉक्टरांच्या सही-शिक्क्याचा फॉर्म 1-ए, शिकाऊ लायसन्स, त्यानंतर 30 दिवस झाल्याशिवाय टेस्ट देता येत नाही आणि 6 महिन्यांत ती उरकावी लागते. शिवाय ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म 5, म्हणजे तिथे शिकल्याचं सर्टिफिकेट. स्कूलवाले म्हणाले, "मॅडम, तुम्ही कशाला उन्हात येताय, सर्टिफिकेट देऊन टाकतो." फी मात्र पूर्ण घेतली. मी रोज जाऊन उभी राहायला लागले तेव्हा कंटाळून शिकवलं.

खरं शिकवलं ते आमच्या अण्णांनी. सासऱ्यांच्या वेळचे ड्रायव्हर, आता गुडघ्यांमुळे घाट सोडलेला. गावामागच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, रिकामी गाडी न्यायची, दोन बाजूंना चिरे मांडायचे आणि मधून रिव्हर्स. पहिल्या दिवशी क्लचपर्यंत पायच पोचेना, सीट पुढे सरकत नव्हती. पाठीमागे घडी घातलेली गोधडी ठेवली, ती आजही केबिनमध्येच आहे. गाडी सुरू केली की अण्णा म्हणायचे, "हवा भरूदे." एअरब्रेकच्या टाकीत दाब चढेपर्यंत गाडी हलवायची नाही. काटा चढताना बघत बसायचं, तोवर चहा. मागे घेताना किती चिरे मोडले ते नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.

सासूबाईंची समजूत घालायला मी मोबाईलवर भोपाळच्या योगिता रघुवंशींचा फोटो दाखवला. वकिलीचं शिक्षण घेतलेल्या बाई, वर्षानुवर्षं ट्रक चालवतात. सासूबाईंनी फोटो मोठा करून बघितला आणि विचारलं, "ह्या बाथरूमला कुठे जातात?" सगळ्या चौकशांत हा एकच प्रश्न कामाचा होता. 66 नंबर हायवेवर पेट्रोल पंपांवर बायकांचं टॉयलेट असतं, पण किल्ली मागावी लागते आणि किल्लीवाला जेवायला गेलेला असतो. कुठल्या पंपावर उघडं मिळतं याची यादी मी डायरीच्या शेवटच्या पानावर करून ठेवली आहे.

टेस्टबद्दल सांगण्यासारखं फार नाही. चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलायची, ती मागे सरकली नाही, रिव्हर्स जमला. लायसन्स आलं, 5 वर्षांचं.

त्यानंतर महिन्याभराने भरलेली गाडी घेऊन कुंभार्ली चढले, शेजारी अण्णा. दुसऱ्या गिअरला गाडी कण्हत चढत होती आणि डिझेल कुठे जातं ते मला पायाच्या तळव्याला कळत होतं. परत येताना उतारावर माझा पाय ब्रेककडे गेला. अण्णांनी बघितलंन. "ज्या गिअरात चढलात त्याच गिअरात उतरा. ब्रेकवर उभ्या राहिलात तर ड्रम तापतील, मग दाबून काय उपयोग नाय." वाशिष्ठीच्या खोऱ्यातला गारवा लागेपर्यंत मी घामाने भिजले होते.

त्या फेरीचं डिझेल मी टाकी फुल करून मोजलं. पुढच्या हिशेबाला ड्रायव्हरने नेहमीचा आकडा सांगितला. मी माझा आकडा सांगितला, चढाला कोणता गिअर होता तेही. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "मधे ट्रॅफिक होतं वहिनी." त्याचं अगदीच खोटं नव्हतं, रस्त्याचं काम चालू होतंच. मी दोन लिटर सोडून दिले.

ॲव्हरेजवरून आता वाद होत नाही. सध्या वाद टायरवरून चालू आहे, रिमोल्ड करायचे, म्हणजे जुन्यावरच नवं रबर चढवायचं, की नवे घालायचे. त्यातलं मला अजून काही कळत नाही, आणि तेही ड्रायव्हरला माहीत आहे.