हरकत आहे, पण डबा आणलाय

मी फॅमिली कोर्टात मॅरेज काउन्सिलर आहे. लोकांना वाटतं मी दिवसभर भांडणं सोडवते. खरं सांगायचं तर म्युच्युअल कन्सेंटच्या केसेसमधे भांडण माझ्यापर्यंत यायच्या आधीच संपलेलं असतं, उरलेला असतो फक्त कंटाळा. दोघांना वेगवेगळं बसवायचं, विचारायचं की कोणी दबाव नाही ना टाकला, सामान-पैसे-मुलं यांचं जे ठरलंय ते नीट कळलंय ना, परत एकत्र राहायचा काही चान्स आहे का, आणि रिपोर्ट लिहून जजसाहेबांकडे पाठवायचा. १९८४ च्या फॅमिली कोर्ट कायद्यात समेटाचा प्रयत्न करणं कोर्टाचं कर्तव्यच आहे, म्हणून आमची खुर्ची.

आणि मी ख्रिश्चन, मूळची नगरकडची, प्रॉटेस्टंट. आमच्या प्रत्येक लग्नात पाळकसाहेब मोठ्या आवाजात म्हणतात, देवाने जे जोडले आहे ते माणसाने तोडू नये. मी ते मानते. आणि सोमवार ते शुक्रवार तोडायच्या कागदांवर सह्या करते. कसं जमतं विचारतात लोक, मी म्हणते दारू सोडवणाऱ्या डॉक्टरला जमतंच ना, मग ते म्हणतात पण तो दारू सोडवतो, तू तर पाजतेस. असो.

आमच्यातल्या केसेस तशा कमी येतात, आणि जुन्या वकिलांना विचाराल तर ते सांगतील की २००१ पर्यंत ख्रिश्चनांना संमतीनं घटस्फोट हा प्रकारच नव्हता. कायदा १८६९ चा. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरे, बायकोला मात्र व्यभिचार आणि त्याच्यावर क्रूरता किंवा दोन वर्षं टाकून जाणं असं डबल दाखवायला लागायचं, आणि जिल्हा कोर्टानं दिलं तरी हायकोर्टाचे तीन जज शिक्कामोर्तब करेपर्यंत ती बाई लटकलेली. १९९७ ला मुंबई हायकोर्टाच्या फुल बेंचनं त्याला धक्का दिला, मग २००१ ची दुरुस्ती आणि कलम १० ए, म्हणजे संमतीनं घटस्फोट. त्यातही हिंदूंना एक वर्ष वेगळं राहिलं की चालतं, आमच्या कायद्यात दोन लिहिलंय, केरळ हायकोर्टानं २०१० मधे तो भेदभाव ठरवला. कॅथलिकांचं आणखी निराळं, कोर्टाचा निकाल लागला तरी चर्चच्या लेखी लग्न शाबूतच, त्यासाठी धर्मप्रांताच्या ट्रायब्युनलकडे वेगळी फाइल. २०१५ मधे पोप फ्रान्सिसनी त्यातली दुसऱ्यांदा निकाल पक्का करून घ्यायची सक्ती काढली.

तर ते जोडपं. मुलीला विचारून लिहितेय आणि ओळख लागेल असे तपशील बदललेत.

मे महिना, कॉरिडॉरमधे पंखे नुसतेच फिरत होते. मुलगी आधी आत आली. टेबलावरची पाटी वाचली आणि म्हणाली, "मॅडम तुम्ही आपल्यातल्याच ना?" आमची आडनावं गायकवाड साळवे अशीच असतात, पण पुढे रूथ किंवा एस्तेर असलं की पत्ता लागतो. मी हो म्हणलं. तर लगेच, "मग सांगा ना, मी पाप करतेय का?"

मी म्हणलं, हे बघ, या खुर्चीत बसून मला ते बोलता येत नाही, तू सही तुझ्या मर्जीनं करतेयस का एवढंच मी विचारू शकते. ती माझ्याकडे बघत राहिली. "म्हणजे पटत नाही तुम्हाला." मी गप्प. "पप्पांना पण पटत नाही. बाहेर बसलेत."

कारण विचारलं तर मोठं काही नाही. नवरा पीत नाही, मारत नाही, बाहेर काही नाही. एका घरात दोन भाडेकरू राहतात तसे राहत होते, दुधाचं बिल कोण देणार एवढंच बोलणं. दोन वर्षांहून जास्त झाली वेगळे राहून. त्याला आत घेतलं तर तोही तेच, "चांगली आहे ती. पण घरी जाऊ नये असं वाटायचं मला, ऑफिसात बसून राहायचो." मूल नाही. दोघं एकमेकांबद्दल वाईट बोलेनात, आणि अशाच केसेस मला जास्त जड जातात, कारण चिडून आलेल्यांना कधीकधी परत वळवता येतं, दमून आलेल्यांना नाही. मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, नियमानं बघायला गेलं तर यात बसणारं काहीच नव्हतं. बायबलमधे मत्तयच्या १९ व्या अध्यायात व्यभिचाराचा अपवाद आहे, पौलाच्या पत्रात विश्वास न ठेवणारा जोडीदार सोडून गेला तर त्याचा, इथे दोन्ही नाही. म्हणजे बापाचं म्हणणं पुस्तकाला धरूनच होतं, तो काही जुनाट हट्टी म्हातारा म्हणून नाही म्हणत नव्हता.

म्हातारा म्हणजे रिटायर्ड प्राथमिक शिक्षक, श्रीरामपूरकडचे, मंडळीत वडील, म्हणजे चर्चचा कारभार बघणारे ज्येष्ठ, म्हणून बरीच वर्षं. सगळे मास्तर म्हणतात. मी बाहेर आले तर त्यांनी उठून "सलाम बाई" केला, आमच्या जुन्या पद्धतीनं. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, मांडीवर कापडी पिशवी.

आणि त्यांच्या शेजारी एक बंधू उभे होते. मुलगा-मुलगी ज्या प्रार्थना ग्रुपला जायचे त्याचे लीडर, कोणी बोलावलं नव्हतं, आपणहून आलेले. वय असेल चाळीस. आवाज कॉरिडॉरभर. "मास्तर, तुम्ही मंडळीचे वडील, आणि तुम्हीच तिला कोर्टात घेऊन येता म्हणजे तुम्ही यात सामीलच झालात. घराचं दार बंद करा, पंधरा दिवसात ताळ्यावर येईल. प्रेमच आहे हे पण. कडक प्रेम." मग मोबाईलवर पहिलं करिंथ, म्हणजे पौलाचं करिंथकरांना पहिलं पत्र, पाचवा अध्याय काढला, बंधू म्हणवणारा असा वागत असेल तर त्याच्या पंक्तीलाही बसू नका, ते वचन.

मास्तरांनी चष्मा लावला. "पूर्ण वाचा ना. लोभी पण आहे त्यात. चहाड पण आहे. आपल्या मंडळीत मग पंक्तीला उरेल कोण, वाढपी?"

पलीकडच्या बाकावरचा शिपाई हसला. बंधू नाही हसले. म्हणाले विषय बदलू नका. मास्तर म्हणाले, "बदलत नाही. प्रभू येशू त्या लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयाच्या घरी गेला तेव्हा जक्कयानं लोकांचे पैसे परत केले होते का? नव्हते. लोक बाहेर कुरकुर करत होते तुमच्यासारखे."

"पण जक्कय बदलला ना शेवटी."

"बदलला की. पण घरी गेल्यावर बदलला. आधी बदल मग येतो असं नाही म्हणला प्रभू."

त्या बंधूंना मी वाईट म्हणणार नाही. पौलानं ते लिहिलंय आणि माणूस सुधारावा म्हणूनच लिहिलंय. फक्त त्याच पौलानं करिंथकरांना दुसऱ्या पत्रात, ज्याला शिक्षा झाली त्याला आता पुरे, क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल असंही लिहिलंय, आणि ते पान यांच्या मोबाईलमधे कधी उघडत नाही. पापाचा द्वेष करा पाप्यावर प्रेम करा हे वाक्य मी माझ्या केबिनमधे इतक्यांदा ऐकलंय की मला त्याची ॲलर्जी झालीय, कारण म्हणणाऱ्याचा पहिला अर्धा भाग फार जोरात चालू असतो आणि दुसऱ्या अर्ध्याची पाळी येईपर्यंत वेळ संपते. गांधीजींनी आत्मचरित्रात त्याबद्दल लिहिलंय की हे समजायला सोपं पण आचरणात क्वचितच दिसतं. आणि त्या विचाराचं मूळ शोधत गेलं तर पाचव्या शतकातलं संत ऑगस्टीनचं एक पत्र सापडतं, नन्सच्या मठाला लिहिलेलं. एखादी बहीण चुकली तर काय करायचं, तिला सांगायचं कसं, तर माणसांवर प्रेम ठेवून आणि दोषांचा द्वेष करून, असं. म्हणजे ते लिहिलंय एका छपराखाली राहणाऱ्यांना, रोज एकत्र जेवणाऱ्यांना. दार लावून घेऊन आतून ओरडण्यासाठी नाही लिहिलेलं ते.

मग सामानाची पावती. लग्नात दिलेलं कपाट, मिक्सर, भांडी परत आली, तर वकिलांनी मुलीच्या वडलांच्या नावानं एक साधी पावती टाइप करून आणली होती, खाली नेहमीचं वाक्य, सदर घटस्फोटास माझी कोणतीही हरकत नाही. कायद्यानं त्याची काही गरज नसते, वकील आपले घालतात सेफ्टीला. मास्तरांनी कागद वाचला, एकेक वस्तूवर बोट ठेवत. फ्रिजपाशी थांबले. "फ्रिज का लिहिला? फ्रिज त्याच्याकडेच राहू दे, मे महिना आहे, एकटा पोरगा गार पाणी कुठून पिणार?" आणि खोडला. मग शेवटचं वाक्य. खिशातलं दुसरं पेन काढलं, लाल निघालं, आणि त्या वाक्यावर पट्टीनं मारावी तशी सरळ रेघ मारली, बाजूला छोटी सही.

वकील म्हणाले, "काका, अहो फॉर्मॅलिटी आहे."

"माझी हरकत आहे. तिला सांगितलीय, त्याला सांगितलीय, तुम्हालाही सांगतो. सामान मिळालं हे खरं, तेवढ्यावर सही करतो. खोटं कशाला लिहू?"

मुलगी एकदम चिडली. "पप्पा प्लीज, इथे तरी नको." डोळ्यात पाणी. मग त्या लाल रेघेकडे बघितलं आणि हसूच आलं तिला, मला म्हणाली, "मॅडम, बारावीपर्यंत हेच. निबंधात पण सोडलं नाही."

दुपारी दीडला सगळं ठप्प होतं आमच्याकडे. मी पाणी आणायला बाहेर आले तर बाकावर मास्तरांनी पिशवीतून चार खणी स्टीलचा डबा काढलेला. बाजरीच्या भाकऱ्या फडक्यात, शेपूची भाजी, उकडलेली अंडी, ठेचा. बाई नाहीत त्यांच्या, दोन वर्षांपूर्वी गेल्या, म्हणजे पहाटे उठून स्वतः केलेलं, भाकरी एका बाजूनं करपलेली पण होती. मुलगी बसली. मग त्यांनी कॉरिडॉरच्या टोकाला उभ्या असलेल्या जावयाला हाक मारली, "अरे ये, चौघांचं आणलंय." तो नको नको करत आला. बंधूंनाही बोलावलं. बंधू म्हणाले माझा उपास आहे. खरं खोटं देवाला माहीत.

मास्तरांनी डोळे मिटले. आता इथे मला जरा धसका होता, कारण आमच्यात प्रार्थनेतून टोमणे मारायची एक परंपराच आहे, जे तोंडावर बोलता येत नाही ते "हे प्रभू तुझ्या या भरकटलेल्या लेकराला सद्बुद्धी दे" म्हणून डोळे मिटून ऐकवायचं, समोरचा आमेन म्हणण्यापलीकडे काही करू शकत नाही. मास्तरांना तर आयतीच संधी होती. ते म्हणाले, "प्रभू, भाकरीबद्दल आभार. पोरं दमलीत. संध्याकाळी नीट घरी पोचव. आमेन." आणि अंडं सोलून जावयाच्या हातात दिलं.

मला पण बोलावलं. नियमानं पक्षकारांचं खायचं नसतं, मी उभ्याउभ्याच बोलले. त्यांनी टिळकांचं काढलं, नगरचा माणूस म्हणजे टिळक येणारच. लोकमान्य नव्हे, कवी ना. वा. टिळक. त्यांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला, बायकोला, लक्ष्मीबाईंना, ते अजिबात मान्य नव्हतं, काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग नांदायला गेल्या तरी हिंदूच राहिल्या, आपलं सोवळं सांभाळून. १९०० मधे लक्ष्मीबाईंनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. "लोक शेवटचं तेवढं सांगतात बाई. मधली वर्षं कोणी सांगत नाही. एका घरात दोन चुली, तेवढ्यावर संसार चालला होता." आमच्याकडे ही गोष्ट देवळात नेहमी विजयाची म्हणून सांगतात, मी अशी पहिल्यांदा ऐकली. पण मग माझ्या मनात आलं की यांच्या पोरीला तर दुसरी चूलच नकोय, घरच नकोय. म्हणलं नाही तसं.

एका गोष्टीत मात्र मला मास्तर पटले नाहीत. मुलीनं जेवताना विचारलं, "पप्पा, प्रभुभोजनाला मला बसू देतील का?" प्रभुभोजन म्हणजे देवळात भाकरी आणि द्राक्षरस वाटून घ्यायचा विधी, आणि आमच्याकडे गावातल्या मंडळीत अशा वेळी कुजबुज होते, कधी थांब म्हणतात. मास्तर म्हणाले, "ते पाळकसाहेब ठरवतील. मला विचारलं तर मी माझं मत सांगेन." काय मत ते सांगितलं नाही. ती भाकरी मोडत राहिली. आता ज्या माणसानं करिंथकरांचं पत्र तोंडावर फेकलं त्यानं इथे पाळकांच्या मागे लपायला नको होतं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. बाकावर बसून भाकरी देणं वेगळं आणि मंडळीसमोर तिच्या बाजूला उभं राहणं वेगळं, आणि दुसरं जास्त महाग पडतं.

रिपोर्ट मी लिहिला, दोघांची संमती मोकळी आहे, समेटाची शक्यता दिसत नाही. खरं होतं ते. कायद्याप्रमाणे पुढची तारीख सहा महिन्यांनंतरची, नोव्हेंबर. मास्तरांनी छोट्या डायरीत लिहून घेतली आणि विचारलं की तेव्हा लिफ्ट चालू असेल का, गुडघा त्रास देतो.

नोव्हेंबरमधे आले परत, काठी घेऊन, डबा घेऊन. लिफ्ट बंदच होती. ऑर्डर झाली, दहा मिनिटांचं काम असतं ते, लोकांना वाटतं काही मोठं होईल, काही होत नाही, नुसतं नाव पुकारतात. प्रभुभोजनाचं काय झालं मी विचारलं नाही, मुलगी आपणहून म्हणाली की पाळकांनी या म्हणलं आणि पप्पा त्या रविवारी शेजारीच बसले होते, पण मत अजून सांगितलं नाहीये. बंधू आले नव्हते.

जिन्यात मास्तर त्या मुलाला म्हणत होते, आता जावई म्हणायचं की काय कोण जाणे, "नाताळला ये रे फराळाला. करंज्या विकतच्या असतील, पण ये."

मुलगी खालच्या पायरीवरून ओरडली, "पप्पा! कशाला बोलावताय त्याला? मला हे अजिबात पटलेलं नाही."

"नको पटू दे," मास्तर म्हणाले, आणि काठी टेकत उतरायला लागले.