सीडीसाठी पाच खेपा

माझ्या धाकट्या भावाला फ्रीडरिक अटॅक्सिया आहे, म्हणजे तोल आणि हातापायांवरचा ताबा हळूहळू जाणारा आनुवंशिक आजार. आईबाबा दोघंही वाहक, त्यांना स्वतःला काहीच त्रास नाही. जनुकाची तपासणी, हृदयाचा एको, सगळं वेळेत झालं. अडलं ते जुन्या एमआरआयपाशी.

या आजारात मानेतला मज्जारज्जू हळूहळू बारीक होतो. नवे न्यूरोलॉजिस्ट म्हणाले, "चालण्याबोलण्याच्या चाचणीतले गुण थकव्यानंही खालीवर होतात. आपण दुसऱ्या मणक्यापाशी रज्जूचा आडवा छेद किती चौरस मिलिमीटर भरतो ते बघू. दोन वर्षांपूर्वीच्या स्कॅनच्या डायकॉम फाइल्स आणा, म्हणजे मशीनच्या मूळ फाइल्स, ज्यांवर मोजमाप करता येतं; फिल्म नको." त्या वेळच्या रिपोर्टात 'विशेष दोष नाही' एवढंच होतं, आणि भाऊ तेव्हाच भिंत धरून चालायचा.

जुन्या हॉस्पिटलात पहिल्या खेपेला रेकॉर्डवाले रजेवर. दुसऱ्या खेपेला, "ताई, फिल्म दिलीय ना? आणि पेशंटला आणा, सही लागेल." पेन त्याच्या हातात ठरत नाही. तरी व्हीलचेअरवरून त्याला नेलं, तासभर खिडकीशी थांबवलं, कशीबशी सही घेतली. सीडी मिळाली. घरी उघडली तर सतरा जेपीजी फोटो! त्यावर मोजणार काय? चौथ्या खेपेला म्हणाले, जुना डेटा बहुतेक उडवला असेल. 'बहुतेक'? मला रडू आलं.

मग लेखी अर्ज केला. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत आहे की रुग्णानं मागितलेली कागदपत्रं ७२ तासांत द्यायची. तेच लिहिलं, 'डायकॉम' शब्द अधोरेखित केला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घेतली. तिसऱ्या दिवशी फोन आला, सीडी तयार आहे. लॅपटॉप सोबत नेला होता. फोल्डरमध्ये शेकडो फाइल्स दिसल्या तेव्हाच तिथून उठले.

तुम्ही पोच पहिल्याच दिवशी घ्या. खरं तर सीडीच स्कॅनच्या दिवशी मागा. आणि हो, गुडघ्यांखाली उशी मागायला विसरू नका, पाय आखडले की माणूस हलतो आणि चित्र बिघडतं.

नव्या स्कॅनमध्ये रज्जू आणखी बारीक दिसला. पण दोन्ही स्कॅन वेगळ्या मशीनवरचे, त्यामुळे एवढ्याशा फरकावर विसंबता येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मशीन तेच हवं, सेटिंगही तेच. हे आम्हाला दोन वर्षांपूर्वी कुणी सांगितलं नाही, याचं वाईट वाटतं. पुढची तारीख डिसेंबरची, याच मशीनवर.