तारीख बघून वाचायला शिकवताना

कोयनेतून विसर्ग वाढला की सांगली-मिरजेच्या ग्रुपांवर आयर्विन पुलाचे व्हिडिओ फिरायला लागतात. इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45 फूट, हे आकडे नदीकाठच्या माणसाला पाठ असतात. पण समोर आलेला व्हिडिओ आजचा की 2019 च्या महापुरातला, हे कळत नाही. फॉरवर्डवर दिसते ती फक्त आपल्याकडे पोचल्याची वेळ. मूळ मजकूर कधीचा, ते तिथं लिहिलेलं नसतं.

म्हणून घरातल्या किंवा गल्लीतल्या नवख्या माणसाला मोबाईल शिकवायला बसाल, तर फेसबुक, इन्स्टाग्राम राहू दे बाजूला. आधी फीड रीडर द्या, म्हणजे निवडलेले ब्लॉग एका जागी वाचायचं ॲप. यात काय वाचायचं ते वाचणारा ठरवतो, मजकूर तारखेच्या क्रमानं लागतो आणि मध्येच कुणाची रील उडी मारत नाही.

फीड म्हणजे ब्लॉग आपोआप तयार करतो ती ताज्या लेखांची यादी: शीर्षक, तारीख, मजकूर. रीडर ॲप ठरावीक वेळानं ती यादी तपासतं आणि नवं काही आलं की दाखवतं. एवढं सांगितलं तरी पुरे. आरएसएस म्हणजे काय (फीड ज्या तांत्रिक साच्यात असतं त्याचं नाव), हे पहिल्या दिवशी समजावत बसू नका. समोरचा मान डोलावेल आणि उद्या विसरेल.

अँड्रॉइडवर ‘फीडर’ नावाचं मोफत ॲप आहे, त्याला खातं लागत नाही. हा फार मोठा फायदा, कारण पुष्कळांचं गुगल खातं मोबाईल दुकानात काढलेलं असतं आणि पासवर्ड कुणालाच ठाऊक नसतो. प्ले स्टोअरवर मिळत्याजुळत्या नावांची ॲप बरीच आहेत. उघडल्या उघडल्या खातं मागितलं, तर दुसरंच काहीतरी उतरवलंय असं समजा. मोबाईल आणि कॉम्प्युटर दोन्हीवर वाचायचं असेल तर फीडली किंवा इनोरीडर घ्या. फीडलीच्या मोफत खात्यात 100 स्रोत बसतात. नवख्याला पाच बास.

ब्लॉग जोडायचा तर क्रोममध्ये तो उघडा, वरचा पत्ता कॉपी करा, ॲपच्या मेनूतून ‘फीड जोडा’ निवडा, पत्ता चिकटवा आणि शोधा. बहुतेकदा फीड आपोआप सापडतं. वर्डप्रेस आणि ब्लॉगर या ब्लॉग चालवायच्या सेवा. फीड नाही सापडलं तर वर्डप्रेसवरच्या ब्लॉगच्या पत्त्यापुढं स्लॅश देऊन इंग्रजीत ‘फीड’ लिहा. ब्लॉगरवरच्या ब्लॉगला मोबाईलमध्ये प्रश्नचिन्हापासून सुरू होणारी ‘एम बरोबर एक’ अशी शेपटी लागते. ती काढून पुन्हा शोधा. बोट समोरच्याचंच चालू द्या. तुम्ही फोन हातात घेऊन भराभरा करून दिलंत, तर शिकणं तुमचंच झालं.

यानंतर तक्रारी ठरलेल्या. ‘दहाच लेख दिसतात’ ही पहिली. वर्डप्रेसचं फीड मुळात शेवटचे 10 लेख देतं, ब्लॉगरचं 25. जुने वाचायला ब्लॉगवरच जावं लागतं. ‘अर्धाच लेख येतो’ ही दुसरी. लेखकानं फीडमध्ये सारांशच ठेवलेला असतो. फीडरमध्ये पूर्ण लेख आणण्याचा पर्याय आहे, तो त्या ब्लॉगपुरता चालू करा. ‘नवीन काहीच येत नाही’ म्हणाले तर दोन ठिकाणी बघा. फक्त वायफायवर अपडेट करायची खूण चालू असेल आणि घरी वायफाय नसेल, तर येणार कुठून? आणि फोनची बॅटरी वाचवणारी सेटिंग ॲपला मागच्या मागे झोपवते, तिथं या ॲपला मोकळीक द्या.

पहिले ब्लॉग त्यांच्या आवडीचेच हवेत. साताऱ्यात निवृत्त शिक्षक असतील तर गडकोटांवरचे, तासगावचे बागायतदार असतील तर द्राक्षाचे. त्यातही ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी या द्राक्षरोगाच्या फवारणीबद्दल वाचताना तारखेवर बोट ठेवायला लावा. गेल्या हंगामातला सल्ला यंदाच्या पावसाला लागू पडेलच असं नाही.

फेसबुकची वेळ मग येते. तिथं मुख्य पान कंपनीच्या हिशोबानं लागतं, पण मेनूत ‘फीड्स’ नावाची जागा आहे. तिथं मित्र, ग्रुप आणि पेजेसच्या पोस्ट नव्यापासून जुन्याकडे लागतात. ‘फेव्हरिट्स’मध्ये 30 जणांपर्यंत ठेवता येतात, मुंबई-पुण्यातली नातवंडं तिथं टाका, म्हणजे त्यांचे फोटो हुकत नाहीत.

व्हॉट्सॲप सगळ्यांना येतंच, असं आपण धरून चालतो. तरी तीन गोष्टी तपासा. प्रायव्हसीत ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं, तिथं ‘माझे संपर्क’ ठेवा. मीडिया आपोआप डाऊनलोड होणं बंद करा. फोन भरल्याची निम्मी रड तिथंच थांबते. आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावा, तो कागदावर लिहून कपाटात ठेवायला सांगा. ओटीपी कुणी मागितला तर द्यायचा नाही, हे तीनदा बजावा. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन.

मेसेजवर दोन बाण दिसले, तर तो किमान पाच हातांतून आलेला असतो. असा मेसेज व्हॉट्सॲपही एका वेळी एकाच चॅटला पुढं पाठवू देतं. सांगलीकर काकांना एवढी खूण लवकर कळते.

जाण्याआधी रीडरमधून ओपीएमएल फाईल काढून ठेवा. त्यात जोडलेल्या सगळ्या ब्लॉगांची यादी असते आणि ती दुसऱ्या रीडरमध्ये जशीच्या तशी उघडते. 1 जुलै 2013 ला गुगल रीडर बंद झाला, तेव्हा ही फाईल हाताशी असलेल्यांना दुसरीकडे जाणं सोपं गेलं. फाईल फोनमध्येच ठेवून उपयोग नाही, फोन बदलला की तीही गेली. ती त्यांच्या मुलाला किंवा सुनेला पाठवून द्या.