लूव्रचा दुसरा मजला चुकवू नका

पॅरिसच्या लूव्रमध्ये शिरलं की बहुतेक लोक सरळ मोनालिसाकडे पळतात, मोबाईल वर करून फोटो काढतात आणि झालं म्युझियम बघून! तेही बघा, पण मग रिशल्यू आणि स्युली विंगचा दुसरा मजला चढाच, सतराव्या-अठराव्या शतकातली फ्रेंच चित्रं तिथे आहेत आणि गर्दी फारशी नसते.

मी सगळ्यात जास्त वेळ रमले ते जॉर्ज द ला तूरच्या 'सुतार संत जोसेफ'समोर. साधारण १६४२ चं चित्र. म्हातारा जोसेफ वाकून गिरमिटाने लाकडाला भोक पाडतोय, कपाळावर आठ्या, आणि समोर छोटा येशू मेणबत्ती धरून बसलाय. त्याने ज्योतीला हाताचा आडोसा केलाय ना, तो हात जवळ जाऊन बघा, उजेड बोटांतून आरपार आलाय, कडा लालसर झाल्यात. खाली जमिनीवर लाकडाची एक वळलेली ढलपी पडलीय, तीसुद्धा द ला तूरने रंगवायची सोडलेली नाही. आणि एवढा मोठा चित्रकार १६५२ मध्ये गेल्यावर लोक त्याला चक्क विसरले! १९१५ मध्ये हेर्मान फॉस या जर्मन अभ्यासकाने त्याला परत शोधून काढलं, तोवर त्याची चित्रं दुसऱ्यांच्या नावावर खपत होती. मला हे वाचून खरंच वाईट वाटलं.

त्याचंच पत्त्यांच्या डावाचं चित्रही इथेच आहे, त्यात लबाड गडी कमरेमागून चौकटचा एक्का काढतोय, बायकांना सगळं माहितीय, नुसत्या डोळ्यांनी खाणाखुणा चालल्यात, आणि भारी कपड्यातला श्रीमंत पोरगा आपली पानं बघण्यात गुंग.

ल नँ या चित्रकार भावांचं 'शेतकरी कुटुंब' मला राजेरजवाड्यांच्या पोर्ट्रेट्सपेक्षा कितीतरी आवडलं. पाव, वाइन, बासरी वाजवणारा पोरगा, अंगावर जुनेपाने कपडे, पण बरेचजण ताठ मानेने आपल्याकडे बघतात, कुणी कीव मागत नाही. भाऊ तिघे, सही मात्र नुसती आडनावाची, त्यामुळे कुठलं चित्र कुणाचं यावर अजून वाद चालतात.

पूसँ या चित्रकाराचे चार ऋतू पण बघाच, १६६० ते १६६४ मध्ये काढलेले, तेव्हा त्याचा हात थरथरायचा, आणि तरी हिवाळ्यातला तो महापूर, तो करडा उजेड... पाय निघत नाही तिथून.

मंगळवारी लूव्र बंद असतं, आणि एरवीही काही दालनं ठरावीक वारी बंद ठेवतात, तेव्हा वेबसाइटवर वेळापत्रक बघूनच दिवस ठरवा.