सराईत गिटारवादक अडतो तो उजव्या हातात

गणपतीचे दहा दिवस, नवरात्राच्या नऊ रात्री, दिवाळीतल्या पहाट मैफली आणि मधेमधे लग्नांची रिसेप्शनं, हे सगळं वर्षानुवर्षं वाजवलेले गिटारवादक नाशिकमध्ये बरेच आहेत. गायिकेने ऐनवेळी काळी दोनऐवजी काळी चार सांगितली तरी त्यांचं काही अडत नाही. कॅपो (सूर चढवायला मानेवर लावायचा चिमटा) शोधायच्या आत पहिली कॉर्ड लागलेली असते. यातल्याच एखाद्याला बोसा नोव्हाचे, म्हणजे ब्राझीलच्या त्या मऊ चालीचे चार बार द्या, नाहीतर फंकचा साधा सोळा स्ट्रोकचा ठेका द्या. कॉर्ड बरोबर, वेग बरोबर, तरी गाणं उभं राहत नाही. काहीतरी चुकतंय हे वाजवणाऱ्यालाही कळतं. काय ते सापडत नाही, म्हणून तो आणखी चार नव्या कॉर्ड शिकायला घेतो.

दोष कॉर्डमध्ये नसतोच. डाव्या हाताची कमाई एका शैलीतून दुसरीत बऱ्यापैकी चालते. बोट आडवं टाकून धरायची बार कॉर्ड ती बार कॉर्डच. शैली ठरते उजव्या हातात: ठोका कुठे पडतो, तार कशी सुटते आणि कुठला आवाज वेळेत बंद होतो. (डावखुऱ्यांनी उलटं वाचावं.) हा हात इतका बसलेला असतो की त्याच्याकडे कुणी बघतच नाही. शिवाय सराईत माणसाला जवळपास तसं वाजवता येतं, आणि ऑर्केस्ट्रात ते खपतंही, कारण कीबोर्ड आणि ऑक्टापॅडने सगळी जागा आधीच भरलेली असते. एकट्या गिटारवर वाजवायची वेळ आली की उघडं पडतं.

बोसा नोव्हापासून सुरू करू, कारण रोग तिथे सगळ्यात स्पष्ट दिसतो. सोळा मात्रांचं आवर्तन धरा. अंगठा खर्जाच्या तारेवर १, ५, ९ आणि १३ या मात्रांवर पडतो. तीनतालाच्या टाळ्या आणि खाली जिथे येतात, नेमक्या त्याच जागा, त्यामुळे आपल्याकडच्या कुणालाही त्या समजवाव्या लागत नाहीत. तर्जनी, मध्यमा आणि अनामिका वरच्या तीन तारा एकत्र उचलतात, त्या १, ४, ७, ११ आणि १४ वर. बोसाचे प्रकार अनेक आहेत, पण हा पाया आहे. अंगठा आणि बोटं एकत्र येतात ती फक्त समेवर. बाकी सगळीकडे दोघांचे रस्ते वेगळे.

पिकने (छोट्या पत्तीने) वाजवणाऱ्याच्या हातात एकच झोका असतो: ठोक्यावर खाली, मधल्या जागेवर वर. त्याचे दोन तुकडे करून दोघांना वेगळं काम द्यायचं म्हटलं की तो बिचकतो आणि जवळच्या ठोक्याचा आधार घेतो. म्हणून चूकही ठरलेली असते: १४वी मात्रा घसरून १३वर येते आणि अंगठ्याला चिकटते. आवर्तनाचा शेवट त्यामुळे सरळ, बँडच्या कवायतीसारखा होतो आणि बोसाची गंमत गेली.

यावर उपाय गिटार खाली ठेवून करायचा. मांडीवर डाव्या हाताने १, ५, ९, १३ आणि उजव्या हाताने १, ४, ७, ११, १४ वाजवा, तोंडाने एक ते सोळा मोजत. मोजणं मनात नको, मोठ्याने हवं. अंक न अडखळता म्हणता आले की गिटार घ्या, डाव्या हाताने तारा नुसत्या दाबून बंद ठेवा आणि हेच उजव्या हाताच्या अंगठ्यावर आणि बोटांवर आणा. मेट्रोनोम ६० वर, एका टिकटिकीत दोन मात्रा. कॉर्ड अगदी शेवटी, आणि तीही एकच. कॉर्ड बदलताना १६वर हात उचलला जातो आणि अंगठ्याची सम उशिरा येते. तसं झालं तर बदल १५वरच सुरू करा, १६ मोकळी सोडा.

आता पिक सोडून बोटांनी वाजवण्याबद्दल. क्लासिकल असो की फिंगरस्टाइल, पहिला अडथळा करंगळी. इलेक्ट्रिक आणि स्टीलच्या तारांच्या गिटारवर बरेच जण करंगळी पिकगार्डवर रोवून ठेवतात. पिक धरताना त्याने काही बिघडत नाही. बोटांनी वाजवताना मात्र अनामिका आखडते, कारण करंगळीच्या आणि अनामिकेच्या शिरा एकमेकींना जोडलेल्या आहेत. एक रोवली की दुसरी मोकळी हलत नाही. टेबलावर करंगळी दाबून धरा आणि अनामिका उचलून बघा, लगेच पटेल. करंगळी हवेत ठेवायची, अनामिकेबरोबर हलू द्यायची.

दुसरी गोष्ट बोटाच्या हालचालीची. नवा फिंगरस्टाइलवाला बोटाचं टोक आकड्यासारखं वळवून तार स्वतःकडे ओढतो. तार गिटारच्या पोटापासून लांब खेचली जाते, सुटल्यावर फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या पट्टीवर) आपटते आणि आवाज पातळ, टणटणीत येतो. हालचाल तळहाताजवळच्या सांध्यातून हवी. बोट तारेवर ठेवा, तार जराशी आत, लाकडाच्या दिशेने ढकला आणि मग सोडा. बोट तळहाताकडे जाईल. रेस्ट स्ट्रोकमध्ये तेच बोट पुढच्या तारेवर टेकून थांबतं, चाल ठळक करायची असेल तेव्हा तो वापरायचा. फ्री स्ट्रोकमध्ये बोट पुढच्या तारेला न शिवता वरून निघून जातं.

नख बोटाच्या टोकापुढे एक ते दोन मिलिमीटर पुरे. तारेला आधी मांस लागतं, लगेच नख, आणि दोन्हीमधून ती घसरत सुटते. साध्या कानशीने आकार दिल्यावर हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा वॉटर पेपर घ्या: आधी ४००, मग १००० किंवा त्याहून बारीक. कडेला हाताला न जाणवणारी खरबड राहिली तरी आवाजात खरखर येते. डिसेंबर-जानेवारीत इथली कोरडी थंडी नखं तडकवते. रात्री नखांना खोबरेल लावणं हा काही बायकी सोपस्कार नाही, ती तारांइतकीच गरजेची देखभाल आहे. स्टीलच्या तारा नख खातात, म्हणून नायलॉन आणि स्टील दोन्ही वाजवणाऱ्याने स्टेजवर पिकच वापरावं.

रियाजाला काय घ्यायचं? माऊरो ज्युलियानी या इटालियन गिटारकाराने १८१२ साली ओपस १ या संग्रहात उजव्या हातासाठी १२० छोटे धडे दिले आहेत आणि ते सगळे फक्त सी आणि जी सेव्हन या दोन कॉर्डवर आहेत. डाव्या हाताला जवळजवळ सुट्टी. सराईत माणसाला याचा कंटाळा येतो, पण त्याच्यासाठी यापेक्षा नेमकं औषध नाही. रोज चार धडे, प्रत्येक धड्याची आठ आवर्तनं, वेग वाढवायची घाई नको.

फंकमध्ये अडचण उलटी असते. रॉक-मेटलवाल्याचा तळवा ब्रिजला (पोटावर तारा जिथे टेकतात तिथे) चिकटलेला, मनगट ताठ आणि आवाजात भरपूर गेन, म्हणजे ॲम्पची फाटकी गुरगुर. गेन काढून साफ आवाज घेतला की हात किती तुटक चालतो ते ऐकू येतं. फंकचा नियम एकच: उजवा हात एका ठोक्यात चार स्ट्रोक खाली-वर, खाली-वर करत राहतो, थांबत नाही. कुठला स्ट्रोक वाजायचा आणि कुठला नुसता 'चक्' करायचा ते डावा हात ठरवतो, बोटं दाबून किंवा सैल करून. बहुतेक जण शांत जागा आली की उजवा हातच थांबवतात. पुन्हा सुरू करताना तो हमखास उशिरा येतो.

डावी बोटं सैल करायची म्हणजे तारेवरून उचलायची नाहीत, टेकलेली ठेवायची, आणि निदान दोन बोटं टेकलेली हवीत. एकच बोट नेमकं पाचव्या, सातव्या किंवा बाराव्या फ्रेटवर टेकलं असेल तर 'चक्'ऐवजी हार्मोनिकची घंटा वाजते. १.५ मिलिमीटरचं जाड पिक इथे तारांत अडकतं, ०.६० ते ०.७३ मिलिमीटरचं घ्या, चिमटीबाहेर तीन-चार मिलिमीटर ठेवा आणि सैल धरा, इतकं की कधीतरी हातातून उडेल. एक मिनिट नुसतं 'चकचक' ६० च्या लयीत फोनवर रेकॉर्ड करून ऐका. वरचे स्ट्रोक खालच्यांपेक्षा दबके येत असतील तर अजून नाइंथ कॉर्डकडे वळू नका. नवरात्रात नऊ रात्री गरब्याचा ठेका ओढलेल्या हाताला हे विशेष जड जातं, कारण त्या हाताची सवय हातभर लांब झोक्याची. इथे झोका तारांच्या वर-खाली दोन-दोन बोटांपलीकडे जाता कामा नये.

स्पेनच्या फ्लामेंकोबद्दल थोडक्यात. रास्गेआदो या तिथल्या स्ट्रमिंगमध्ये बोटं मुठीतून एकेक बाहेर फेकायची असतात. आपण आयुष्यभर बोटं मिटायचे स्नायू वापरलेले असतात, उघडायचे नाहीत, म्हणून दोन मिनिटांत हात भरून येतो. तसं झालं की थांबा. बुलेरियास या फ्लामेंको ठेक्याच्या बारा मात्रांचे आघात ३, ६, ८, १० आणि १२ वर येतात; एकतालाच्या हिशेबाने मोजायला गेलात की बुडालात. आणि गिटारवर टॅप प्लेट (पोटावरची संरक्षक पट्टी) नसेल तर बोटांनी ठोके मारू नका, पॉलिशचे टवके उडतील.

डाव्या हाताची सुट्टी संपते ती मींडीपाशी. ब्लूज-रॉकमध्ये वर्षं घातलेला माणूस नाट्यगीत किंवा राग गिटारवर घेतो तेव्हा त्याची प्रत्येक मींड खालून वर जाते आणि टोकाला जलद व्हायब्रेटो येतो. आपल्या गाण्यात निम्म्या मींडी वरून खाली येतात. त्यासाठी तार आवाज न करता आधीच वर ओढून ठेवायची, मग छेडायची, मग सोडत यायचं. आधी ओढलेला सूर ऐकू येत नसतो, त्यामुळे किती ओढायची हे बोटालाच माहीत हवं. दुसऱ्या तारेवर आठव्या फ्रेटला दहाव्या फ्रेटचा सूर आधी वाजवून ऐका, मग तेवढी तार मुक्याने ओढा, छेडा, ट्यूनरवर बघा. ०.००९ किंवा ०.०१० इंची तारांचा सेट असेल तरच हे जमतं, ०.०१२च्या अकूस्टिक तारांवर बोटं सोलवटतील. दरबारीच्या कोमल गंधारावर रॉकचा व्हायब्रेटो लावला की राग तिथेच संपला. तिथलं आंदोलन संथ हवं.

तानपुऱ्यासोबत आणखी एक पेच येतो. फ्रेटवरचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर असतो (अर्ध्या सुराचे १०० सेंट) आणि तानपुऱ्याशी जुळणारा सुमारे ३८६वर. म्हणजे फ्रेटचा गंधार चढा आहे, आणि तार ओढून सूर आणखी चढतोच, उतरत नाही. मार्ग असा: कोमल गंधाराच्या फ्रेटवर या आणि तिथून अर्ध्या सुराला जरा कमी, साधारण ८६ सेंट, ओढा. तार ठरावीक जागी थांबवणं हेच यात कठीण. लांब मींडी हव्यात तर सरळ स्लाइडकडे, म्हणजे तारांवर दांडी सरकवून वाजवण्याकडे जावं. गिटार मांडीवर आडवी घेऊन राग वाजवण्याची वाट ब्रिजभूषण काब्रांनी रुळवली, आणि विश्वमोहन भट्टांच्या मोहनवीणेला, म्हणजे त्यांनी बदलून घेतलेल्या स्लाइड गिटारला, १९९४ साली ग्रॅमी मिळाला. स्लाइडमध्ये दांडी फ्रेटच्या मागे नव्हे, बरोबर धातूच्या पट्टीच्या वर येते. सवयीने सगळे मागे धरतात आणि सगळेच सूर उतरलेले लागतात. गिटार उभी धरून वाजवत असाल तर दांडीमागची बोटं तारांवर हलकी टेकलेली ठेवा, नाहीतर मागचा तारेचा तुकडाही गुणगुणतो.

वाद्यही तपासून घ्या. स्टीलच्या अकूस्टिकचा नट (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) रुंदीला साधारण ४३ मिलिमीटर, क्लासिकलचा ५२. अरुंद नटवर चार बोटं उचलायला शिकून पुढे रुंद नटवर गेलात की उजव्या हाताचं अंतर नव्याने बसवावं लागतं, म्हणून शिकायचं ते ज्या वाद्यावर वाजवणार त्यावरच. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची इलेक्ट्रिकला दीड, स्टीलच्या अकूस्टिकला दोन-अडीच, नायलॉनला तीन ते चार मिलिमीटर. स्लाइडला याहून उंच. पावसाळ्यात लाकूड फुगून ही उंची (ॲक्शन) चढते, तेव्हा जुलैत 'हात जड झालाय' असं वाटलं तर आधी पट्टी लावून मोजा.

रियाज नेहमीच्या वाजवण्याच्या आधी करा, नंतर नको. दोन तास स्ट्रमिंग केल्यावर हात पुन्हा जुन्या वळणावर गेलेला असतो. दहा-दहा मिनिटांच्या दोन बैठका पुरेशा आहेत, आणि एका वेळी एकच नवं तंत्र. बोसा आणि फंक एकाच आठवड्यात घेतलेत तर एकात अंगठा सुटा हवा आणि दुसऱ्यात आख्खा हात एक, दोन्ही नासतील. मनगटात टोचल्यासारखं दुखलं तर त्या दिवशी बंद. गणपती ते कोजागिरी हा काळ नव्या तंत्राला देऊच नका, स्टेजवरचा हात जिंकतो. कोजागिरीनंतर पहिला आठवडा फक्त मांडीवरचे सोळा अंक आणि ज्युलियानीचे पहिले चार धडे, ५० च्या लयीत.