भावंडांसाठी माइनक्राफ्टचं घरचं जग

एक पुण्यात, दोघं नागपुरात, एक न्यू जर्सीत. सुट्टीतही सगळी भावंडं एका अंगणात जमणं आता अवघड झालंय, पण माइनक्राफ्ट या ठोकळ्यांनी बांधायच्या ऑनलाइन खेळातल्या एका जगात ती दर रविवारी जमू शकतात. ते जग मात्र आपलं हवं. सार्वजनिक सर्व्हरवर, म्हणजे खेळाचं जग चालवणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या यंत्रावर, मुलं खेळून निघून जातात. तोच अर्धा पूल पुढच्या रविवारी पुढे न्यायचा असेल, तर जग टिकलं पाहिजे, आणि ते टिकवायला घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाने थोडं लक्ष घालायला हवं. हे सगळं त्या माणसासाठी.

आधी कोणाकडे काय आहे ते विचारून घ्या. खेळाच्या दोन आवृत्त्या आहेत. संगणकावर बहुतेक वेळा जावा एडिशन असते. फोन, टॅब्लेट आणि कन्सोलवर बेडरॉक. ही दोन्ही एकमेकांना थेट जोडली जात नाहीत. टॅब्लेटवाली एक बहीण बाहेर राहिली की सगळ्याच बेताचा विचका होतो. अशी मिश्र मंडळी असतील तर मूळ सर्व्हरऐवजी पेपर हा सर्व्हर घ्या आणि त्यात गायझर हे प्लगइन, म्हणजे जोडीचा छोटा प्रोग्राम, टाका. ते बेडरॉकवाल्यांचं बोलणं जावा सर्व्हरला समजेल असं करून देतं. सोबत फ्लडगेट टाकलं की त्यांना जावाचं वेगळं खातं लागत नाही.

यंत्र म्हणून 8 जीबी रॅमचा जुना लॅपटॉप चार-पाच जणांना पुरतो. त्यात एसएसडी हवी आणि राउटरला केबलने जोडलेला हवा, वायफायवर नको. सर्व्हरला 3 जीबी द्या. सगळी रॅम देऊन टाकायचा मोह टाळा, कारण विंडोजला जागा उरली नाही की ते डिस्कवर लिहायला लागतं आणि सगळंच रखडतं. सर्व्हरचं मुख्य काम एकाच कोअरवर चालतं, त्यामुळे आठ हळू कोअरपेक्षा दोन वेगवान कोअर बरे.

माइनक्राफ्टच्या 1.21 आवृत्तीच्या सर्व्हरला यंत्रावर जावा 21 हा प्रोग्राम लागतो. सुरू करताच 65.0 हा आकडा असलेली चूक दिसली, तर यंत्रावर जुनं जावा आहे एवढाच त्याचा अर्थ. पहिल्यांदा चालवल्यावर सर्व्हर आपणहून बंद पडतो, घाबरू नका. फोल्डरमध्ये युला नावाची फाइल तयार झालेली असते, तिच्यात फॉल्सच्या जागी ट्रू लिहा आणि पुन्हा चालवा.

बाहेरून जोडण्यासाठी राउटरमध्ये 25565 हा पोर्ट, म्हणजे आत यायचं क्रमांकाचं दार, उघडायचा, असं सगळीकडे लिहिलेलं सापडतं. आपल्याकडे बऱ्याच घरांत ते चालत नाही. राउटरच्या पानावर वॅनचा आयपी, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा पत्ता, बघा. तो 100.64 ते 100.127 मधला असेल, किंवा इंटरनेटवर दिसणाऱ्या आपल्या आयपीपेक्षा वेगळा असेल, तर कंपनीने एकच पत्ता अनेक घरांत वाटलेला आहे. मग राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, बाहेरचा माणूस तुमच्या दारापर्यंत पोचतच नाही. दोन वाटा उरतात: कंपनीकडून पैसे भरून स्टॅटिक आयपी, म्हणजे आपल्या एकट्याचा कायमचा पत्ता, घ्यायचा, नाहीतर टेलस्केलसारखं खासगी जाळं प्रत्येकाच्या यंत्रावर बसवायचं. मुलांच्या बाबतीत दुसरी वाट मला जास्त पटते, कारण तिथे दार जगासाठी उघडतच नाही.

पोर्ट उघडणारच असाल, तर त्याआधी व्हाइटलिस्ट, म्हणजे कोणाला आत घ्यायचं त्या नावांची यादी, चालू करा. इंटरनेटवर 25565 शोधत फिरणारे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, आहेत. ते मोकळा सर्व्हर हेरतात आणि मग कोणीतरी येऊन महिन्याचं बांधकाम लाव्ह्यात बुडवतं. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये ऑनलाइन-मोड ट्रूच ठेवा. तो बंद असला की नाव खरं आहे का हे तपासलंच जात नाही, आणि व्हाइटलिस्टमधल्या भावाचं नाव लावून कोणीही आत शिरू शकतं.

ऑपचा, म्हणजे सर्व्हर सांभाळणाऱ्याचा, हक्क एकाच मोठ्या माणसाकडे ठेवा. तो दिला की लगेच एक तक्रार येते: “दादा, माझ्याकडून ब्लॉक फुटतच नाहीये!” सर्व्हर बिघडलेला नसतो. स्पॉन-प्रोटेक्शन मुळात 16 असतं, म्हणजे स्पॉनभोवतीच्या (खेळाडू जगात पहिल्यांदा उतरतात त्या जागेभोवतीच्या) 33 बाय 33 ब्लॉकच्या चौकात ऑप सोडून कोणालाच तोडफोड किंवा बांधकाम करता येत नाही. तो आकडा 0 करा आणि सर्व्हर पुन्हा सुरू करा.

आता लॅग, म्हणजे खेळ अडखळणं. सर्व्हरचं घड्याळ सेकंदाला 20 टिक (ठोके) चालतं, म्हणजे एका टिकमधलं सगळं काम 50 मिलिसेकंदांत उरकावं लागतं. ते उरकलं नाही की गाई अडखळत चालतात, फोडलेला ब्लॉक परत उगवतो, दार उघडायला वेळ लागतो. टिक क्वेरी ही आज्ञा दिली की सरासरी किती मिलिसेकंद लागतात ते दिसतं. 50 च्या आत असूनही एकालाच त्रास होत असेल, तर दोष त्याच्या इंटरनेटचा किंवा अंतराचा. न्यू जर्सीहून पुण्याला 200 मिलिसेकंदांच्या आसपास पिंग (निरोप जाऊन यायला लागणारा वेळ) लागणारच. बांधकामाला ते चालतं, क्रीपरशी (फुटणाऱ्या राक्षसाशी) लढताना जाणवतं.

50 च्या वर गेलं तर आधी सेटिंगमधला व्ह्यू-डिस्टन्स बघा. जग 16 बाय 16 ब्लॉकच्या चंकांत (तुकड्यांत) कापलेलं असतं. हा आकडा 10 असला की प्रत्येक खेळाडूभोवती 21 गुणिले 21, म्हणजे 441 चंक उघडे राहतात. चौघं चार दिशांना गेले की 1764. तो 8 केला की माणशी 289 होतात आणि डोळ्यांना फारसा फरक कळत नाही. सिम्युलेशन-डिस्टन्स 6 करा. व्ह्यू म्हणजे नुसतं दिसणं, सिम्युलेशन म्हणजे तिथलं पीक, प्राणी, यंत्रं खरोखर चालणं. एक गोष्ट मुलांना आधीच सांगून ठेवा: आपण शेतापासून लांब गेलो की गहू वाढायचा थांबतो.

त्यानंतरही अडकत असेल तर हॉपर, म्हणजे वस्तू गोळा करून पुढे सरकवणारे ब्लॉक, मोजा. आपोआप चालणाऱ्या शेतीसाठी मुलं पन्नास-साठ हॉपरची रांग लावतात, आणि वर डबा नसलेला प्रत्येक हॉपर आपल्यावर काही पडलंय का ते शोधत बसतो. त्याच्या डोक्यावर कंपोस्टर (खत करायचा ब्लॉक) ठेवला की हे शोधणं थांबतं. बाजूच्या हॉपरकडून येणारा माल आत जातच राहतो. ज्या हॉपरला वरून पडलेली वस्तू गोळा करायची आहे तेवढा एक उघडा ठेवायचा. गावकऱ्यांचंही तसंच. एका खोलीत चाळीस गावकरी कोंबले की वाट शोधण्यातच सर्व्हर दमतो. दहा-बारा पुरेत.

भांडणं बहुतेक रात्रीवरून होतात. माइनक्राफ्टचा दिवस 20 मिनिटांचा, आणि रात्र संपवायची तर मुळात जगातल्या सगळ्यांनी झोपावं लागतं. एकजण खाणीत असला की बाकीचे पलंगावर ओरडत बसतात. झोपणाऱ्यांच्या टक्केवारीचा गेमरूल, म्हणजे खेळाचा बदलता येणारा नियम, 1 करा, मग एकाने झोपलं तरी पुरतं.

मेल्यावर सांडलेलं सामान 5 मिनिटांत नाहीसं होतं. पण ही 5 मिनिटं तिथला चंक चालू असेल तेव्हाच मोजली जातात. म्हणून मेलेल्याच्या सामानापाशी नुसतं राखण करत उभं राहणं ही मदत नसते, त्याने उलट घड्याळ चालू राहतं. उचलून ठेवा, नाहीतर लांब जा. दहा वर्षांखालची मुलं असतील तर सामान न सांडण्याचा गेमरूल सरळ चालू करावा.

वेळ ठरवताना रविवारी संध्याकाळी साडेसात धरा. तेव्हा न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे दहा, हिवाळ्यात नऊ वाजलेले असतात.

बॅकअप दर खेळानंतर घ्या. चालत्या सर्व्हरचं फोल्डर तसंच कॉपी करू नका, अर्धी फाइल जुनी आणि अर्धी नवी येते. आधी सर्व्हरच्या खिडकीत स्टॉप लिहा. सगळी जगं सेव्ह झाली अशी ओळ दिसू द्या. मग वर्ल्ड फोल्डर तारीख घालून दुसऱ्या डिस्कवर टाका. पेपर असेल तर जुन्या आवृत्त्यांत नेदर आणि एंड या खेळातल्या दुसऱ्या दोन जगांची फोल्डरं वेगळी असतात, तीही घ्या. सर्व्हर नव्या आवृत्तीवर नेण्याआधी तर बॅकअप हवाच. नव्या आवृत्तीने उघडलेलं जग जुन्यात परत नेता येत नाही.

लॅपटॉपची बॅटरी मेलेली असेल तर राउटरसकट इन्व्हर्टरवर घ्या. वीज गेली आणि जग उघडेना, तर वर्ल्ड फोल्डरमध्ये लेव्हल डॅट या फाइलच्या शेजारी ओल्ड लावलेली तिची जुनी प्रत असते. बिघडलेली फाइल बाजूला ठेवा, ओल्डवालीला तिचं नाव द्या आणि सर्व्हर सुरू करून बघा.