काळी स्क्रीन आणि उघडे सेशन

लेखा विभागातल्या एका ज्येष्ठ मॅडमची तक्रार एवढीच होती की सकाळी येऊन माउस हलवला की एखाद्या दिवशी पासवर्ड न विचारताच कालचे काम जसेच्या तसे समोर येते. त्यांच्या संगणकावर सगळ्यांच्या पगाराच्या नोंदी असतात. रोज एकसारखा दिसणारा बिघाड शोधणे सोपे जाते. अधूनमधून होणारा आणि आपण पाहायला गेलो की नाहीसा होणारा बिघाड मात्र चिवट असतो. हा दुसऱ्या प्रकारातला होता आणि बरेच दिवस चालू होता.

त्या यंत्रावर लिनक्स होते, खिडक्या, कीबोर्ड आणि माउस सांभाळणाऱ्या एक्स विंडो प्रणालीवर चालणारा एक हलका डेस्कटॉप होता आणि स्क्रीन लॉक करण्यासाठी एक छोटा स्वतंत्र प्रोग्राम बसवलेला होता. दहा मिनिटे कशालाही हात लागला नाही की हा प्रोग्राम आपोआप सुरू होऊन स्क्रीन लॉक करत असे, आणि जागेवरून उठताना सुपर आणि एल ही बटणे एकत्र दाबूनही लॉक करता येत असे. मॅडम लॉक करायला विसरत असतील, असे एक-दोघांनी सुचवले. मला ते पटले नाही, कारण त्या विसरल्या असत्या तरी दहा मिनिटांनी लॉक व्हायलाच हवे होते. आपोआप होणारी गोष्ट होत नसेल तर माणसाच्या स्मरणशक्तीला दोष देऊन काहीच हाती लागत नाही.

नेहमीच्या शंका लवकर निकालात निघाल्या. वेळेची सेटिंग जागेवर होती. चित्रफीत किंवा सादरीकरण चालू असताना काही प्रोग्राम स्क्रीन जागी ठेवायची विनंती करतात, त्याचा रात्री काही मागमूस नव्हता. लॉक करणारा प्रोग्राम मध्येच कोसळत असावा म्हणून कोसळलेल्या प्रोग्रामांमागे उरणाऱ्या फायलींची, म्हणजे कोअर डंपची यादी पाहिली, तर ती रिकामी होती. पासवर्ड तपासणाऱ्या पॅम या व्यवस्थेकडे मी वळलेच नाही, कारण तिचे काम लॉक उघडताना सुरू होते आणि इथे मुळात लॉकच लागत नव्हते.

इतके दिवस हे कुणाच्या लक्षात का आले नाही, याचे उत्तर मात्र याच टप्प्यावर मिळाले. ठरावीक वेळाने मॉनिटरची वीज कमी करून तो बंद करणारी डीपीएमएस नावाची सोय एक्स सर्व्हरमध्ये, म्हणजे एक्सच्या मुख्य प्रोग्राममध्ये असते आणि तिचा लॉकशी काहीही संबंध नसतो. दोन्हींचे घड्याळ वेगळे, काम वेगळे. त्या यंत्रावर या सोयीलाही ६०० सेकंदांची, म्हणजे दहाच मिनिटांची वेळ लावलेली होती. त्यामुळे लॉक लागो वा न लागो, दहा मिनिटांनी स्क्रीन काळी व्हायची आणि येणाजाणाऱ्या प्रत्येकाला ती लॉक झालेली वाटायची. रात्री शेवटी बाहेर पडणारा माणूस काळ्या स्क्रीनकडे पाहून निर्धास्तपणे दिवे मालवत होता. मला ही बाब मूळ बिघाडापेक्षाही गंभीर वाटते. लॉक लागले नाही हे दिसले असते, तर कुणीतरी उठून ते लावले असते.

मग मी सिस्टिमचा लॉग, म्हणजे तिची नोंदवही, तक्रारीच्या दिवसांशी ताडून पाहिली. ज्या सकाळी सेशन, म्हणजे लॉग-इन करून चालू असलेले काम, उघडे सापडले होते, त्याच्या आदल्या संध्याकाळी, मॅडम गेल्यानंतर बरोबर दहा मिनिटांनी, लॉक करणाऱ्या प्रोग्रामची एक ओळ होती. कीबोर्ड ग्रॅब करता, म्हणजे फक्त स्वतःच्या ताब्यात घेता आला नाही, तो आधीच दुसऱ्या कुणीतरी ग्रॅब केलेला आहे, असे ती सांगत होती. त्यानंतर त्या प्रोग्रामचे रात्रभर एक अक्षरही नव्हते. त्याने काही क्षण प्रयत्न केला, जमले नाही म्हणून तो बंद झाला, आणि पुन्हा कुणी माउस हलवून पुढची दहा मिनिटे सुरू होईपर्यंत त्याला कुणी उठवणारच नव्हते.

याचा अर्थ लागण्यासाठी एक्समध्ये स्क्रीन लॉक होते म्हणजे नक्की काय होते, हे पाहावे लागते. एक्सची सुरुवात १९८४ साली एमआयटीमध्ये झाली आणि आज वापरात असलेली त्याची ११ वी आवृत्ती १९८७ सालची आहे. या आवृत्तीच्या मूळ नियमांत स्क्रीन लॉक अशी स्वतंत्र संकल्पनाच नाही. एक्स सर्व्हरच्या दृष्टीने लॉक करणारा प्रोग्राम हा इतरांसारखाच एक साधा प्रोग्राम असतो. तो संपूर्ण स्क्रीनभर एक खिडकी पसरवतो आणि कीबोर्ड व माउस ग्रॅब करतो, म्हणजे यापुढे दाबले जाणारे प्रत्येक बटण फक्त माझ्याकडे पाठव, असे सर्व्हरला सांगतो. हा ग्रॅब एका वेळी एकाच प्रोग्रामला मिळतो. आधीच कुणाकडे तो असेल तर नंतर मागणाऱ्याला नकार मिळतो, मग तो मागणारा लॉक लावायला आलेला असला तरीही. म्हणजे इथे सगळी सुरक्षितता इतर प्रोग्रामांच्या सौजन्यावर उभी असते.

तेव्हा प्रश्न एवढाच उरला की मॅडम घरी गेल्यावर तो कीबोर्ड कुणी अडवून धरला होता. लॉगमध्ये नकाराची नोंद होती, अडवणाऱ्याचे नाव नव्हते. आणि मॅडमनी सकाळी येऊन एक क्लिक केली की ग्रॅब सुटत असावा, कारण त्यानंतर दिवसभर लॉक व्यवस्थित लागत असे. पुरावा पहिल्याच स्पर्शाने पुसला जात होता. मी मॅडमना विनंती केली, "मी लॉग पाहून सांगेपर्यंत सकाळी माउसला हात लावू नका." त्यांनी ती कटाक्षाने पाळली, हे मला आवर्जून नोंदवायचे आहे. रोज सकाळी त्या येऊन शेजारच्या टेबलापाशी बसत आणि मी माझ्या जागेवरून त्यांच्या यंत्राचा लॉग वाचून त्यांना होकार देत असे.

आणि एका सकाळी ती ओळ पुन्हा दिसली.

मी माझ्याच संगणकावरून एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्रावर आज्ञा देण्याच्या सोयीने, त्यांच्या यंत्रात शिरले. एक्स सर्व्हरमध्ये तपासासाठी ठेवलेले एक खास कळ-चिन्ह आहे, एक्सएफ८६-लॉग-ग्रॅब-इन्फो. ते दाबले गेले की या क्षणी कोणते उपकरण कोणत्या प्रोग्रामने ग्रॅब केले आहे, त्याची यादी सर्व्हर स्वतःच्या लॉगमध्ये लिहितो. ही कळ प्रत्यक्ष कीबोर्डवर नसते, पण एक्सडूटूल या आज्ञेने ती दाबल्याचा आभास निर्माण करता येतो. तसे केले आणि एक्सचा लॉग उघडला. मुख्य कीबोर्डच्या नावापुढे सक्रिय ग्रॅब लिहिलेला होता आणि त्यापुढे तो धरून बसलेल्या प्रोग्रामचा प्रोसेस क्रमांक आणि पूर्ण पत्ता होता. तो होता मॅडम दिवसभर वापरतात तोच हिशेबाचा प्रोग्राम.

मी त्यांच्या टेबलापाशी गेले. मॉनिटर जागा झाला तेव्हा समोर हिशेबाची खिडकी होती आणि तिच्यात महिना निवडण्याची यादी खाली उलगडलेली होती. बारा महिन्यांपैकी एकावर निळी पट्टी तशीच उभी. आदल्या संध्याकाळपासून, पूर्ण रात्र, ती यादी कुणीतरी महिना निवडेल याची वाट पाहत उघडी होती. मी त्या यादीबाहेर रिकाम्या जागी एकदा क्लिक केली. यादी मिटली. पुन्हा लॉक करायची आज्ञा दिली, स्क्रीन तत्काळ लॉक झाली.

एक्सवर चालणाऱ्या प्रोग्रामांत मेनू किंवा अशी यादी उघडली की ती सहसा कीबोर्ड आणि माउस ग्रॅब करते. बाहेर कुठेही क्लिक केली तरी ते तिला कळावे आणि तिने मिटावे, यासाठी तिला ते करावेच लागते. त्यामुळे तिची चूक काढता येत नाही. मेनू आपले काम नियमाप्रमाणे करत होता, लॉक करणारा प्रोग्रामही नियमाप्रमाणे नकार स्वीकारून परत जात होता, आणि दोघांच्या नियमपालनातून पगाराच्या नोंदी रात्रभर उघड्या राहत होत्या.

"पण मी उठताना लॉकची बटणे दाबते हो," मॅडम म्हणाल्या, "ती तरी चालायला हवीत ना?"

त्यांचा प्रश्न अगदी योग्य होता, म्हणून आम्ही दोघींनी तेही करून पाहिले. त्यांनी यादी उघडली, सुपर आणि एल दाबले. काहीच झाले नाही. कीबोर्ड त्या यादीने ग्रॅब केलेला असल्यामुळे ही बटणेही तिच्याकडेच गेली आणि डेस्कटॉपला ती दाबली गेल्याचे कळलेही नाही. म्हणजे हाताने लावायचे लॉक आणि आपोआप लागणारे लॉक, दोन्ही एकाच कारणाने एकाच वेळी निकामी होत होते. संध्याकाळी कुणीतरी हाक मारते, त्या अर्धवट उघडलेली यादी तशीच सोडून, सवयीने बटणे दाबून उठतात आणि स्क्रीन लॉक होताना दिसेपर्यंत थांबत नाहीत, कारण कुणीच थांबत नाही. हे दाखवून झाल्यावर मॅडमच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मला दिसला. इतके दिवस त्यांच्यावर विसराळूपणाचा संशय होता आणि त्या खरे बोलत होत्या.

लॉक ग्रॅबवर अवलंबून ठेवण्यातला धोका नवा नाही. जानेवारी २०१२ मध्ये सुरक्षा-त्रुटींच्या सीव्हीई या जाहीर यादीत सीव्हीई-२०१२-००६४ या क्रमांकाने नोंदवली गेलेली त्रुटी याच मुळातून आली होती. एक्स सर्व्हरच्या १.११ या आवृत्तीत तपासासाठी ठेवलेली, ग्रॅब मोडून काढणारी कळजोडी नकळत सर्वांसाठी चालू राहिली, आणि कंट्रोल, ऑल्ट व अंकफलकावरचे गुणाकाराचे बटण एकत्र दाबले की लॉक पासवर्डशिवाय बाजूला होऊ लागले. त्या वेळी ग्रॅब मोडल्यामुळे लागलेले लॉक निघत होते, आमच्याकडे ग्रॅब न मिळाल्यामुळे ते लागतच नव्हते.

तात्पुरता उपाय त्याच दिवशी करायचा होता. लॉक करणाऱ्या प्रोग्रामभोवती मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. पहिला प्रयत्न फसला तर ती एस्केपचे बटण दाबल्याचा आभास निर्माण करते. ग्रॅब ज्याच्याकडे आहे त्यालाच प्रत्येक बटण मिळत असल्यामुळे हे एस्केप थेट त्या उघड्या यादीकडे जाते आणि ती मिटते. मग लगेच लॉकचा पुन्हा प्रयत्न होतो. एस्केप आधीच न पाठवता पहिल्या अपयशानंतरच पाठवण्याचे कारण असे की इतर वेळी त्याने एखादी अर्धी भरलेली नोंद रद्द झाली असती. तरीही लॉक लागले नाही तर काय, हा निर्णय माझ्या एकटीचा नव्हता. दुसऱ्या टर्मिनलवर स्क्रीन वळवणे हा उपाय मी बाजूला ठेवला, कारण कंट्रोल, ऑल्ट आणि एक फंक्शन-की दाबून कुणीही परत येऊ शकतो. उरत होता तो सेशनच बंद करण्याचा मार्ग, ज्यात जतन न केलेले काम जाते. मी मॅडमना विचारले.

"माझी नोंद गेली तर मी सकाळी पुन्हा भरेन," त्या म्हणाल्या. "कुणाच्या पगाराचा आकडा भलत्याने वाचला, तर तो मी परत कसा आणणार?"

स्क्रिप्टमध्ये शेवटची पायरी म्हणून सेशन बंद करण्याची आज्ञा घातली.

कायमचा उपाय वेलँडचा, म्हणजे एक्सच्या जागी येणाऱ्या नव्या व्यवस्थेचा होता. तिथे सगळ्या खिडक्या आणि कीबोर्ड-माउस कंपोझिटर नावाचा मुख्य प्रोग्राम सांभाळतो. मेनूला ग्रॅब मिळतो तो त्याच्या मर्जीने, आणि कंपोझिटर तो केव्हाही काढून घेऊ शकतो. शिवाय लॉकसाठी तिथे ईएक्सटी-सेशन-लॉक नावाचा स्वतंत्र प्रोटोकॉल आहे. लॉक करणारा प्रोग्राम मध्येच मेला तरी कंपोझिटरने सेशन लॉकच ठेवले पाहिजे, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. हा प्रोटोकॉल पाळणारा कंपोझिटर मी त्यांच्या यंत्रावर बसवला आणि यंत्र मॅडमच्या हवाली करण्यापूर्वी दोन गोष्टी तपासल्या. आधी महिन्यांची यादी उघडी ठेवून माझ्या जागेवरून लॉकची आज्ञा दिली. यादी नाहीशी झाली आणि पासवर्डची चौकट आली. मग स्क्रीन लॉक असतानाच, एसएसएचवरून, लॉक करणारा प्रोग्राम मुद्दाम मारून टाकला. एक्सवर या क्षणी सगळे काम उघडे पडले असते. इथे पासवर्डची चौकट गेली आणि सपाट एका रंगाने भरलेली स्क्रीन राहिली. बटणे दाबली, माउस हलवला, काहीच उघडले नाही. बाहेरून तोच प्रोग्राम नव्याने सुरू केला तेव्हा चौकट परत आली आणि मॅडमनी पासवर्ड घालून आपले काम उघडले.

विभागातले आणखी एक यंत्र अजून एक्सवरच आहे, कारण त्यावरचा एक जुना प्रोग्राम इतर खिडक्यांमधला मजकूर परस्पर वाचतो आणि वेलँड तसे करू देत नाही. त्यावर तीच स्क्रिप्ट चालते. मॉनिटर बंद करणारे वेगळे घड्याळही मी तिथे काढून टाकले आहे. आता लॉक लागल्याची खात्री झाल्यावरच स्क्रिप्ट मॉनिटर बंद करायला सांगते, आणि लॉक लागले नसेल तर तो उजळलेलाच राहतो.